खालची चौकट

स्टेपलरची पिन कागदात जायची ती अंगठ्यात गेली. फार नाही, नखाच्या कडेला, रक्ताचा एक ठिपका येईल इतकीच. पण कॅप्टन दचकला तो पिनेमुळे नव्हे. हातातल्या कागदावर आज तपासणीला येणाऱ्यांची नावं होती आणि तिसऱ्या ओळीत विमान शिकताना बरोबर असलेल्या बारक्याचं नाव होतं, आडनावासकट, पुढे विमान कंपनीचा शिक्का. बारक्याला आडनाव आहे हे तो विसरूनच गेला होता. त्याने अंगठा तोंडात घातला, यादी पुन्हा वाचली, आणि मग ज्या गोष्टीचा विचार करायचा नाही असं त्याने गेले दोन दिवस ठरवलं होतं, नेमका तोच हिशेब डोक्यात आपोआप मांडला गेला. कंपनीने बारा जण घेतले होते. त्यांतले अकरा वेगवेगळ्या डॉक्टरांकडून तपासून पास झाले होते. अकराव्याची फाइल काल त्यानेच बंद केली होती. बारावा बारक्या. आणि बारानंतर, प्रतीक्षायादीत पहिल्या नंबरावर, तो स्वतः.

कॅप्टन हे नाव त्याला दवाखान्यात डॉक्टरांनी ठेवलं होतं, पहिल्याच दिवशी, त्याचा अर्ज वाचून झाल्यावर. “विमान चालवायचं लायसन्स आहे आणि इथे वैमानिकांची उंची मोजायला आलास? या कॅप्टन, बसा.” त्यात दुष्टपणा नव्हता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. काउंटरवरच्या बाई त्याच नावाने हाक मारत, चहावाला त्याच नावाने ग्लास ठेवून जाई, आणि तपासणीला आलेली कोवळी पोरं ते नाव ऐकून क्षणभर ताठ उभी राहात, मग त्याच्या हातातली मोजपट्टी बघून गोंधळत. लायसन्स मिळून सात वर्षं झाली होती. सात वर्षांत त्याने एकाही प्रवाशाला कुठूनही कुठे नेलं नव्हतं. मोठ्या कंपन्यांना हजारो तासांचा अनुभव हवा होता, आणि तो अनुभव ज्यांनी द्यायचा त्या छोट्या कंपन्या, लहान गावांना जोडणाऱ्या, सत्तर माणसांची पंख्याची विमानं उडवणाऱ्या, त्यासुद्धा विचारत, आधी कुठे काम केलंय? त्यांचे उंबरठे झिजवताना त्याच्या बुटांचे चार जोड झिजले. एका ठिकाणी सुरक्षारक्षकाने त्याला नावानिशी ओळखायला सुरुवात केली तेव्हा त्याने तिकडे जाणं बंद केलं. मग हा दवाखाना. इथे निदान वैमानिक दिसत. नोकरी लागलेले वैमानिक, हे मात्र त्याने घरी सांगितलं नव्हतं. आई शेजारणीला सांगायची, विमानाच्याच खात्यात आहे, आणि बाबा मशीनवरची मान वर न करता म्हणायचे, “खात्यात म्हणजे कोणत्या?” आणि मग त्या विषयाचं बोलणं तिथेच संपायचं.

बाबा शिंपी. त्याचा पांढरा शर्ट त्यांनीच शिवला होता, खांद्यावर पट्ट्या अडकवायच्या फितीसकट, एका मासिकातला फोटो बघून. पहिल्या मुलाखतीला तो घातला. मग दर मुलाखतीच्या आदल्या दिवशी बाबा काही न बोलता तो मागून घेत आणि शिवणीत दाबलेलं कापड थोडं सोडत, कारण सात वर्षांत माणूस रुंद होतो. या वेळी त्यांनी कापड उलगडून बघितलं आणि म्हणाले, “आता शिवणीत काही उरलं नाही बरं का. यापुढे नवा शिवावा लागेल.” त्यांनी ते शर्टाबद्दलच म्हटलं होतं, पण त्याला ते इतकं लागलं की तो ताटावरून उठला. कंपनीची वयाची अट बत्तीस पूर्ण होईपर्यंतची. पुढच्या महिन्यात त्याला बत्तीस पूर्ण होणार होती. ही यादी गेली की सगळंच गेलं, मग जन्मभर दुसऱ्यांची उंची मोजायची.

आणि पहिल्या बारांत नाव का आलं नाही, तर एका नखामुळे. हे आठवलं की अजून त्याच्या कानांच्या पाळ्या तापत. शिकाऊ विमान ज्या संस्थेत उडवलं तिथलं एक विमान त्याच्यापेक्षा वयाने मोठं होतं. त्यातला उंची दाखवणारा काटा अडकायचा. मास्तर म्हणायचे, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, त्याला टिचकी मार. आणि खरंच, नखाने काचेवर टक केलं की काटा झोपेतून उठल्यासारखा हलायचा आणि खरं काय ते सांगायचा. दोनशे तास त्याने काचेवर टिचक्या मारल्या. कंपनीच्या परीक्षेला नकली विमानाच्या खोलीत बसवलं, समोर सगळे चकचकीत पडदे, काटा औषधालाही नाही. ढगातून उतरायचं होतं, मागे परीक्षक, कपाळावर घाम, आणि अगदी शेवटी, सगळं बरोबर चाललेलं असताना, त्याचा उजवा हात आपला आपण पुढे गेला आणि त्याने पडद्यावर टक टक केलं. मागे परीक्षक हसला. वाईट हसला नाही, पण हसला, आणि मग पेनाचा आवाज आला. शेजारच्या खुर्चीत जोडीदार म्हणून बारक्या होता. बारक्या हसला नव्हता. त्यानेही त्याच विमानाला टिचक्या मारल्या होत्या, पण परीक्षेला येण्याआधी आठवडाभर त्याने म्हणे उजव्या हाताच्या नखाला चिकटपट्टी लावून ठेवली होती, सवय मोडावी म्हणून. हे त्याने परीक्षा झाल्यावर सांगितलं, जिन्यात. आधी का नाही सांगितलंस, असं कॅप्टनने विचारलं नव्हतं. पण ते त्याच्या मनात राहिलं, आणि त्या दिवसापासून बारक्या डोळ्यांसमोर आला की आधी ती चिकटपट्टी दिसायची.

बारक्या अकरा वाजता आला. तसाच बारीक, विरळ केसांचा. कॅप्टनला बघून त्याचा चेहरा असा उजळला की कॅप्टनला खाली बघावं लागलं. “तू आहेस ना, मग झालं,” तो म्हणाला. त्याने डोकं किंचित डावीकडे वळवून कॅप्टनचं उत्तर ऐकलं. ही लकब कॅप्टनने ओळखली. गेल्या दोन वर्षांत त्याने असे कितीतरी लोक बघितले होते. ज्यांचा एक कान गेलेला असतो ते दुसरा कान पुढे करतात, आणि आपण तसं करतो हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

उंची, वजन, डोळे, लघवीची बाटली. कॅप्टनचे हात सवयीने चालत होते आणि बारक्या बोलत होता. लायसन्स मिळाल्यावर चार वर्षं त्याने विमानतळावर काम केलं होतं, उतरलेल्या विमानासमोर दोन काठ्या घेऊन उभं राहायचं आणि ते जागेवर आणायचं. “म्हटलं, चालवायला मिळत नाही तर निदान जवळ राहू. आपल्याकडे बघून थांबतं रे ते, एवढं मोठं धूड.” कानावर घालायचे टोप होते, पण सहा माणसांत चार. नवीन आलेल्याला मिळत नसत. चार वर्षं तो नवीनच राहिला. कॅप्टनने ऐकलं आणि त्याच्या पोटात एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या: एक, बिचारा, आणि दुसरी, तिला नाव द्यायला तो तयार नव्हता, पण ती गरम होती, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती.

कानाची तपासणी मागच्या खोलीत होते. कपाटाएवढी एक पेटी, आतून मऊ अस्तर, जाड काचेची खिडकी. आत माणसाने बसायचं, कानांवर टोप घालायचे, बारीक टुक आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर कॅप्टन, त्याच्यासमोर यंत्र, कागदावर आलेख. या कामात कॅप्टनचं नाव होतं. नवी पोरं एकमेकांना सांगत, कानाची तपासणी कॅप्टनकडे द्या, तो सांभाळून घेतो. म्हणजे तो खोटं काही करत नसे. फक्त आवाज सोडताना त्याचा खांदा जरासा हले, पेन जरासं उचललं जाई, आणि काचेतून बघणाऱ्याला कळे की आता काहीतरी वाजलं. घाबरलेल्या माणसाला आपलाच श्वास ऐकू येतो, तो कसली टुकटुक ऐकणार! एखादा अडलाच तर कॅप्टन दोनदा, तीनदा वाजवी. वाटायचं, आपलं अडलं तेव्हा कोणी पेन उचललं नाही, निदान आपण उचलू. या एका गोष्टीने त्याला रात्री झोप लागायची.

बारक्या पेटीत बसला. टोप चढवले, बटण हातात घेतलं, आणि काचेतून कॅप्टनच्या खांद्याकडे बघू लागला. सरळ, उघडपणे, विश्वासाने. कॅप्टनने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. नियम तसाच आहे. तपासणाऱ्याचे हात दिसता कामा नयेत, यंत्राच्या पुस्तकात पहिल्याच पानावर छापलंय. डावा हात मांडीवर, उजवा टेबलाखालच्या कळीवर. त्याने स्वतःला सांगितलं, आपल्याला यातून फायदा होणार आहे, म्हणून तर जास्त काटेकोर असलं पाहिजे, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको. कोण दाखवणार होतं, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. उजवा कान स्वच्छ निघाला. मग डावा. खालचे आवाज बारक्याने पकडले. वरच्या, तीन हजारच्या आवाजाला बटण दाबलंच गेलं नाही. कॅप्टनने आवाज वाढवला. नाही. आणखी वाढवला. काचेपलीकडे बारक्याचे डोळे त्याच्या खांद्यावर खिळलेले, ओठ किंचित उघडे, आणि अंगठा बटणावर असा थरथरत होता की आता दाबेल, आता दाबेल. कॅप्टन दगडासारखा बसला. त्याच्या मानेतली एक शीर दुखायला लागली. दोन वर्षांत तो कुणासाठी इतका प्रामाणिक झाला नव्हता.

मर्यादा पन्नास डेसिबलची, बारक्याला ऐकू आलं पंचावन्नला. त्याने पुन्हा एकदा बघितलं, पंचावन्नच. नीट, टोक केलेल्या पेन्सिलीने त्याने फुली मारली. लाल रेघेच्या एक बोट खाली. मग पेनने आकडा. खोटं एक अक्षर नाही. आणि मग तो कागदाच्या तळाशी आला.

तळाशी एक चौकट असते. फुली रेघेखाली गेली तर माणूस लगेच बाद होत नाही. डॉक्टरांनी दोन मीटरवर, त्याच्या पाठीमागे उभं राहून साधी तीन-चार वाक्यं बोलायची, आणि त्याला ती कळली तर तो पास. ज्यांनी नियम केला त्यांना एवढी अक्कल होती. पण डॉक्टरांना ते सुचवायचं काम तपासणाऱ्याचं, त्या चौकटीत बरोबरची खूण करून. डॉक्टर एक वाजता सह्या करत, जेवायच्या आधी, भुकेल्या पोटी, आणि फक्त खालची चौकट बघत. खूण असेल तर कुरकुरत उठत. नसेल तर ‘अपात्र’ लिहून कागद पुढे सारत. कॅप्टनने पेन चौकटीवर नेलं. बाहेरच्या खोलीत काउंटरवरच्या बाई कुणाला तरी चप्पल बाहेर काढायला सांगत होत्या. पंख्याचं एक पातं हलकेच किरकिरत होतं. त्याला बाबांची शिवण आठवली, उलगडलेली, आत काही न उरलेली. त्याच्या डोक्यात कुठलाही विचार आला नाही. नंतर त्याने पुष्कळ शोधलं, त्या क्षणी आपण काय विचार केला, पण तिथे काहीच सापडलं नाही. त्याने पेनाला टोपण लावलं. हा कागद इतरांच्या कागदांत मधोमध ठेवला आणि गठ्ठा डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन दिला.

मग एक वाजेपर्यंतचा वेळ. त्या वेळात त्याने दोन जणांचा रक्तदाब घेतला आणि एकाला तोंडावर सांगितलं की तुझं वजन वाढलंय, मित्रा, जपून. आवाज अगदी नेहमीचा होता. मनात मात्र तो पांढरा शर्ट घालून चालत होता. काचेचं दार, लांब मार्गिका, हातात चाकांची बॅग, मग विमानाची ती छोटी शिडी. आई आरशासमोर साडी नेसतेय, कारण मुलगा पहिल्यांदा उडवणार तर तिला आत बसायचंय. हे सगळं त्याने सात वर्षं बघितलं होतं, पण आज त्याला रंग होते, वास होता, नव्या चामड्याचा. आणि दर थोड्या वेळाने त्यात बाकावर बसलेला बारक्या मध्ये येई. तो समोरच बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, दुसरीकडे बघत.

अपात्र ठरलेल्यानेही कागदावर सही करावी लागते. डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. “वाईट वाटतं,” ते म्हणाले, आणि त्यांना खरंच थोडं वाटत असावं, “पण डावा कान कमी पडतो. इथे सही करा.” बारक्याने पेन घेतलं. पण सही करण्याआधी त्याने कागदाच्या वरच्या टोकाला बोट ठेवलं आणि ते खाली आणू लागला, ओळीमागून ओळ, ओठांत वाचत. उड्डाणाआधीची यादी असंच वाचायला शिकवतात. पाठ असली तरी बोट ठेवूनच वाचायची, म्हणजे काही सुटत नाही. कॅप्टनने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तारखा दिसत होत्या, कळत नव्हत्या. बोट तळाशी थांबलं.

“डॉक्टर, ही चौकट कोरी आहे.”

“कुठली?” डॉक्टरांनी चष्मा वर केला. “अरे! कॅप्टन, ही खूण का नाही केलीस? पंचावन्नच तर आहे. बोलून बघायला नको?”

“राहिलं,” कॅप्टन म्हणाला.

“राहिलं म्हणजे? माणसाचं आयुष्य जातं यात! दोन वर्षं झाली तुला इथे, एकदाही राहिलं नाही ते?”

“घाईत राहतं, डॉक्टर,” बारक्या मध्येच म्हणाला. तो कॅप्टनकडे बघत नव्हता. “सकाळपासून एकटाच करतोय तो. मी बघतोय ना.”

डॉक्टरांनी उठून बारक्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. ते मागे जाऊन बोलले: आज जेवायला उशीर झाला. बायको रागावणार. तुमचं गाव कोणतं. भिंतीकडे तोंड करून बारक्याने एकेक वाक्य परत म्हटलं, शेवटच्याचं उत्तरही दिलं, आणि डॉक्टर हसले. ‘पात्र.’ सही. शिक्का मारायचं काम कॅप्टनचं. त्याने तो मारला, सरळ, शाई न पसरू देता.

दारापर्यंत पोचवायला तो गेला, कारण न जाणं जास्त दिसलं असतं. बारक्याने बूट घातले. नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला. शिवी दे, कॅप्टन मनात म्हणत होता, एक सणसणीत शिवी दे आणि सुटू दे दोघांनाही. “चार दवाखाने दिले होते कंपनीने,” बारक्या वाकल्या वाकल्या म्हणाला. “हा मी मागून घेतला. म्हटलं, कानाचं लफडं आहे, तू असलास तर बरं.” मग उभा राहिला. “तुझं काय झालं रे यादीत? मी विचारणारच होतो.”

“प्रतीक्षायादीत आहे. लांबचा नंबर.”

“हं,” बारक्या म्हणाला. त्याने डोकं डावीकडे वळवलं होतं, चांगला कान पुढे करून, म्हणजे उत्तर त्याला नीट ऐकू आलं होतं. त्याने हात पुढे केला. कॅप्टनने तो घेतला. तो कोरडा आणि गरम होता, आणि कॅप्टनला तो कधी सोडायचा ते कळेना. बारक्या जिना उतरून गेला. त्याला कळलं का? कळलं असेल तर त्याने झाकलं का? आणि कळलं नसेल, तर मग तो इतका मूर्ख कसा, आणि अशा माणसांना नोकऱ्या लागतात तरी कशा? या शेवटच्या विचाराने कॅप्टनला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची त्याला किळस आली.

काम संपलं नव्हतं. तपासणी झाली की कंपनीला फोन करून कळवायचं, हेही त्याचंच. कंपनीच्या बाईंचा आवाज तो दोन दिवस ऐकत होता, मोकळा, हसरा.

“बारावेही पात्र, मॅडम.”

“हो, आत्ताच त्यांचाही फोन आला. खुशीत होते अगदी! आणि काय हो, तुमच्याकडे तपासणी घेणारे जे आहेत, ते स्वतः वैमानिक आहेत म्हणे? तुम्हीच का ते? तुमच्यासाठी एवढा शब्द टाकत होते! म्हणाले, माझ्याबरोबरचा आहे, माझ्यापेक्षा चांगला उडवतो, कुठे जागा असेल तर बघा.”

कॅप्टनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हॅलो? तुमच्यासारख्या माणसाला घ्यायला आवडलं असतं हो. पण ही भरती आज बंद. प्रतीक्षायादीतल्या पहिल्याला कळवते आता, झालं माझं काम. तुमचं नाव सांगून ठेवा ना, पुढच्या वेळी बघू.”

“नंतर सांगतो,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. मग स्वतःचा फोन खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला. अर्ध्या मिनिटात फोन थरथरायला लागला. काउंटरवरच्या बाई बघताहेत असं वाटून तो फोन घेऊन मागच्या खोलीत गेला, आणि तिथेही बरं वाटेना म्हणून पेटीत शिरला. दार लावून घेतलं. बाहेरचं सगळं बंद झालं. पंखा, माणसं, रस्ता. फक्त त्याचा श्वास आणि तो फोन. त्याने तो उचलला.

तोच आवाज, पण आता समोर कागद धरलेला. आपणच का ते, म्हणून तिने त्याचं नाव वाचलं, पूर्ण, आडनावासकट. “हो,” तो म्हणाला. तो ‘हो’ त्याने घशातून, जाड करून काढला होता. तरी पलीकडे ती थांबली.

“अहो, आत्ता बोललो ना आपण? दवाखान्यातून? तुम्हीच ना ते?”

“नाही मॅडम,” तो त्याच जाड आवाजात म्हणाला. “ते दुसरे.” आणि भरती बंद झाल्याचा पुढचा मजकूर ती वाचून संपवेपर्यंत काचेकडे पाठ करून तो हो, हो म्हणत राहिला.